समासातले शास्त्रीबुवा

“लायब्ररीत होतात, म्हणजे वाचन भरपूर झालं असेल नाही तुमचं!” असं कोणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. अहो, हलवाई काय दिवसभर पेढे खात बसतो? चौतीस वर्षं मी बनारसच्या एका जुन्या लायब्ररीत नोकरी केली. पुस्तकं झटकली, मोजली, शोधली, चिकटवली, प्रसंगी लोकांच्या हातातून ओढून घेतली. वाचली ती सगळी निवृत्त झाल्यावर.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी ‘थोर वाचकांच्या आठवणी’ मागितल्या. आता काय सांगू? थोर माणसं पुस्तकं घरी मागवून घेतात आणि परत करत नाहीत. त्यांच्या आठवणी म्हणजे मी पाठवलेल्या स्मरणपत्रांच्या आठवणी. त्यापेक्षा एका पुस्तकाची गोष्ट सांगते. ते पुस्तक मी कापलं, आणि कापल्यावर खोटं बोलले. दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत हे अजून कोणाला ठाऊक नाही, आता कळेल. आणि हो, आमच्या काशीच्या मराठीत हिंदी येतंच. सांभाळून घ्या.

लायब्ररीचं काम बाहेरच्याला वाटतं तसं देण्याघेण्याचं नसतं. नवीन पुस्तक आलं की त्याला नंबर द्यायचा, ठरलेल्या पानांवर शिक्का मारायचा, त्याचं कार्ड करून लाकडी खणात योग्य जागी घालायचं. कार्ड चुकीच्या जागी गेलं तर पुस्तक कपाटात असूनही मेल्यातच जमा. ते खण ओढले की एक वास यायचा. जुना कागद, कापूर आणि सागवान. आता खण गेले, संगणक आला. संगणकाला वास नाही. मी अजून कधी कधी त्या खोलीत जाते आणि उगाच श्वास घेऊन बघते. लोक म्हणतात, म्हातारीला दमा झाला.

वाचक एकेक नग होते. एक निवृत्त रेल्वे गार्ड प्रत्येक पान वाचून झालं की कोपऱ्यात लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायचे, स्टेशन मागे पडल्यासारखी. एक वकीलसाहेब समासात ‘सहमत’, ‘असहमत’, ‘बकवास’ असे निकाल द्यायचे. पान खाऊन बोट चाटत पानं उलटणारे तर इतके की आमच्या निम्म्या पुस्तकांचे कोपरे कातरंगाचे होते. माझा सगळ्यात मोठा वैरी वाळवी नव्हे, हातात पेन घेऊन वाचणारा माणूस. खोडरबर पदराला बांधून मी फिरायचे. वाचनकक्षातला बोर्डही मीच रंगवून घेतला होता, ‘किताब में कुछ भी लिखना सख़्त मना है’. त्यातलं ‘सख़्त’ माझं.

पण एक सांगते, कोण काय वाचतं याची चौकशी मी कधी केली नाही आणि कोणाला करू दिली नाही. एकदा एक सद्गृहस्थ आले. मुलगी आमच्याकडून कसली पुस्तकं नेते ते रजिस्टरमध्ये बघायचं म्हणून हटून बसले. मी म्हटलं, “पुस्तक वेळेवर परत येतं, पान फाटत नाही. माझं काम इथं संपलं. पुढचं तिचं तिला.” ते वरपर्यंत तक्रार घेऊन गेले. मला बोलणी बसली, पण रजिस्टर काही मी उघडलं नाही. अशी मी तत्त्वाची! आता पुढचं ऐका.

आमची फाटकी पुस्तकं इद्रीस मियाँ बांधायचे. जिल्दसाज, तीन पिढ्यांचे. दर महिन्याला सायकलला दोन्हीकडे झोळ्या लटकवून यायचे, माझ्याकडून गठ्ठा न्यायचे, बांधलेला गठ्ठा आणायचे. आधी चहा. आम्ही दोघं पायरीवर बसून पुरव्यातून, म्हणजे मातीच्या कुल्हडातून, चहा प्यायचो आणि ते मला कागदाविषयी शिकवायचे. कागदाला उभं आडवं असतं, ओल कुठून चढते, मैद्याची लेई का आणि डब्यातला गोंद का नाही. “दीदी, लेई वाली जिल्द पानी लगाओ तो खुल जाती है. गोंद वाली खोलो तो किताब मरती है. अपनी ग़लती खुलने लायक़ रखनी चाहिए.” बोलायचे असं, गालात विड्याचं पान जमवत.

प्रत्येक पुस्तकाबरोबर मी एक पर्ची द्यायची. नंबर, कापडाचा रंग, पाठीवर कोणती अक्षरं सोन्याने उठवायची, आणि शेवटचा रकाना, ‘कटाई’. जुन्या पुस्तकाच्या कडा झडलेल्या, डागाळलेल्या असतात. बांधताना तिन्ही बाजूंनी थोडं कापून कड सारखी करतात. किती कापायचं ते मी लिहायचं.

त्या वर्षी मार्चअखेर होती आणि गठ्ठा डोंगराएवढा. त्यात एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, पाठ निखळलेलं, खालून ओल लागलेलं. सतराव्या शतकातल्या एका इंग्रज तत्त्वज्ञाचं लिखाण त्यात एकत्र बांधलेलं. पहिला भाग धर्माच्या बाबतीत एकमेकांना सोसण्यावर, दुसरा राज्यकारभारावर. मी काही तेव्हा वाचलं नाही. भराभर पानं उलटली आणि माझं पित्त खवळलं. समासभर शाईची गिचमीड! कोण मेल्याने केलंय हे! पर्चीवर लिहिलं, ‘कटाई भरपूर. समास साफ’.

चार दिवसांनी इद्रीस मियाँ तेवढं एकच पुस्तक घेऊन परत आले. एवढ्या उन्हात, सायकल हाकत.

“दीदी, इसमें किसी ने हाथ से लिखा है. पुराना लगता है. काटूँ?”

माझ्यासमोर सहा माणसं उभी, एकाचं कार्ड सापडत नव्हतं. मी मान वर न करता म्हटलं, “पर्ची पे लिखा है न? तो काटिए.”

त्यांनी पुस्तक परत झोळीत ठेवलं. मग “जी” म्हणाले आणि गेले. पुस्तक आलं तेव्हा लाल कापडाची जिल्द, पाठीवर सोनेरी अक्षरं, कडा काचेसारख्या. मी कौतुकाने कपाटात लावलं आणि विसरले.

यानंतर दहाएक वर्षांनी बापूकाका आले.

बापूकाका रामघाटचे. आमच्या शाळेत गणिताचे मास्तर होते, मलाही त्यांनीच शिकवलं. भिक्षुकाच्या घरात जन्मून भिक्षुकी न करणारे, तोंडाने फटकळ, पण मुलांसाठी जीव टाकणारे. त्यांच्या पणजोबांची, विनायकशास्त्र्यांची गोष्ट आम्हा सगळ्या मुलांना पाठ होती, कारण पायथागोरसच्या मध्येच ते ती सांगायचे. शास्त्रीबुवा एका इंग्रजाला संस्कृत शिकवायचे आणि बदल्यात त्याच्याकडून इंग्रजी शिकले. त्याने त्यांना एक पुस्तक दिलं. ते म्लेंच्छाचं पुस्तक वाचतात, त्यावर घरात बसून टिपणं काढतात, असा बोभाटा झाला. रामघाटच्या ब्रह्मवृंदाने ग्रामण्य केलं, म्हणजे वाळीत टाकण्याचा खटला भरवला. निकाल असा, की पुस्तक गंगेत बुडवा आणि सभेपुढे प्रायश्चित्त घ्या. “आणि पणजोबांनी,” बापूकाका खडू आपटून म्हणायचे, “दोन्ही केलं नाही! मान तुकवली नाही!”

ही नुसती फुशारकी नव्हती. त्यांच्या मुलीने, सुधाने, जातीबाहेर लग्न केलं तेव्हा घाटावर कुजबुज झाली, दोन घरांनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. बापूकाका भर घाटावर उभे राहून म्हणाले होते, “आमच्या घराला ग्रामण्य नवं नाही. आमचे पणजोबा नमले नाहीत, मी का नमू?” त्या पणजोबांच्या जोरावर हा माणूस ताठ उभा राहिला. मी पाहिलंय.

तर त्या दिवशी ते लायब्ररीत आले, हातात एक जुना कागद आणि डोळ्यांत लहान मुलासारखा आनंद.

“वत्सला, हे बघ! माळ्यावरच्या पेटीत सापडलं. पणजोबांचं अक्षर. मोडी येते ना तुला?”

मोडी मला वडिलांनी शिकवली होती. वाचलं, ‘टोपीकर पंडिताचे पुस्तक ग्रंथसंग्रहास दिले’. बस, एवढंच.

“म्हणजे बुडवलं नाही! पुरावा आहे! आणि ग्रंथसंग्रह म्हणजे तुमची लायब्ररी. काढ पाहू ते पुस्तक.”

मी देणगीच्या जुन्या रजिस्टरात विनायकशास्त्र्यांचं नाव शोधलं, ऐटीत कार्ड काढलं, कपाटाशी गेले, ते लाल कापडाचं देखणं पुस्तक आणून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी उघडलं. आणि मी उभ्या उभ्या गार पडले. ती गिचमीड मोडी होती. अख्ख्या लायब्ररीत मोडी वाचणारी मी एकटी, आणि मी ती कापायला दिली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बापूकाका भिंग घेऊन बसले. मी शेजारी. वरच्या समासातली टिपणं शाबूत होती, बाजूची थोडी कुरतडल्यासारखी. टोपीकर पंडिताने, म्हणजे त्या इंग्रज तत्त्वज्ञाने, एके ठिकाणी सगळ्यांना सोसावं असं सांगून मग अमक्या पंथाला नाही, देव न मानणाऱ्याला नाही, अशी यादी दिली आहे. तिथे शास्त्रीबुवांनी लिहिलं होतं, ‘यास वगळिले, त्यास वगळिले, मग सोसिले कोणास?’ बापूकाका टेबलावर थाप मारून हसले. “बघ! सोडलं नाही त्यालासुद्धा!” पुढे, राज्यकर्ता म्हणजे लोकांनी आपल्या रक्षणासाठी नेमलेला माणूस, या मजकुरापाशी, ‘मग सभा कोणी नेमिली?’ तेव्हा तर ते उठून दोन फेऱ्या मारून आले. वाचनकक्षातले लोक बघायला लागले. मी त्यांना गप्प बसा म्हणाले नाही.

मग ते पान आलं. तिथे तत्त्वज्ञाचं म्हणणं साधं आहे. राज्याच्या हातात दंडा आहे. दंड्याने माणूस गुडघे टेकेल, म्हणायला लावाल ते म्हणेल. पण दंड्याने माणसाला पटत नाही, कारण पटणं हे आतलं काम आहे. पानाच्या तळाशी, अगदी कडेला, शास्त्रीबुवांची एक ओळ होती.

‘सभेपुढे प्रायश्चित्त केले.’

आणि तिच्याखाली एक रेघ. मोडीत लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढतात, मग तिला अक्षरं लटकवत जातात. ही रेघ होती आणि खाली अक्षर एकही नव्हतं. तिथेच कागद संपत होता. गुळगुळीत कडेने.

बापूकाकांनी त्या रेघेवरून दोनदा भिंग फिरवलं. मग म्हणाले, “रेघ ओढली आणि लिहायला काही सुचलं नाही बिचाऱ्याला.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“वत्सला, यापुढे काही नाही?”

हीच ती वेळ. ‘काका, पुढे होतं. मी कापलं.’ एवढं म्हणायचं होतं. पण समोर माझे मास्तर, भोवती सगळा स्टाफ, भिंतीवर माझाच तो बोर्ड, आणि चौतीस वर्षांतली तोवरची माझी सगळी शिस्तीची मिजास.

“नाही काका,” मी म्हटलं. “एवढंच आहे.”

त्यांनी पुस्तक मिटलं. “म्हणजे तेही नमले. आणि मी जन्मभर त्यांच्या नावाने आरडाओरडा केला. सुधाच्या वेळी केवढं बोललो मी लोकांना, वत्सला. खोट्या जोरावर.” छत्री विसरून ते गेले. मी ती सुधाकडे पोचवली. त्यांच्या हातात द्यायची हिंमत झाली नाही.

ते पुन्हा लायब्ररीत आले नाहीत. पणजोबांची गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. घाटावर कोणी मुद्दाम विषय काढला तर म्हणायचे, “जाऊ दे हो, सगळेच नमतात.” हे वाक्य बापूकाकांच्या तोंडी ऐकलं की मला अन्न जात नसे. पण बोलले? नाही. स्वतःला समजावलं की कापलेल्या पट्ट्यांची कतरन केव्हाच रद्दीत गेली असेल, आता कबूल करून काय मिळणार? इद्रीस मियाँनाही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, “दीदी, मैं तो पूछने आया था.” हे ऐकायचं नव्हतं मला. ते दर महिन्याला यायचे, आम्ही पायरीवर चहा प्यायचो, कागदाच्या गप्पा मारायचो, आणि मी त्या एका कागदाचं नाव काढायचे नाही. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले, येणं बंद झालं. मग मी निवृत्त झाले. हार, शाल, भाषण. ‘शिस्तीचा पुतळा’ म्हणाले मला. मी मान खाली घालून ऐकलं, तर लोकांना वाटलं विनय.

गेल्या पितृपक्षात मी अमृतराव घाटावर गेले होते. खालच्या पायरीवर बापूकाका तर्पणाला बसलेले, सुधा हाताला धरून. वय अठ्ठ्याऐंशी, दृष्टी जवळजवळ गेलेली, पण आवाज अजून वर्गातला. तर्पणात वडील, आजोबा, पणजोबा अशा तिघांना नाव घेऊन पाणी द्यायचं असतं. वडिलांचं नाव त्यांनी खणखणीत घेतलं. आजोबांचंही. पणजोबांचं नाव मात्र ओठातल्या ओठात पुटपुटलं आणि पाणी सोडून टाकलं. मी चार पायऱ्या वर उभी होते. तिथेच बसले. मला रडू आवरेना.

दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून इद्रीस मियाँकडे गेले. खाटेवर बसलेले होते, पांढरी दाढी, बोटं थरथरत. मला बघून चहा सांगितला. मी चहाची वाट न बघता सगळं ओकून टाकलं. पुस्तक, बापूकाका, माझं खोटं. ते ऐकत राहिले आणि शेवटी हसले. चक्क हसले!

“दीदी, आपने पूछा कब?”

“क्या पूछती? कतरन तो गई न?”

“पर्ची पे ‘काटो’ लिखा था, तो काटा. ‘फेंको’ कहाँ लिखा था?” मग थोडं गंभीर होऊन म्हणाले, “लिखा हुआ काग़ज़ हमारे यहाँ फेंकते नहीं. क्या मालूम किसका नाम लिखा हो. अब्बा के ज़माने से बोरा भरता है, फिर अदब से दरिया में दे आते हैं.”

म्हणजे गंगेतच! सभेने सांगितलं ते शेवटी मी करवलं!

“लेकिन वो वाला नहीं दिया,” ते म्हणाले. “वो किसी का अपना लगा. पीछे की दफ़्ती में, अस्तर के नीचे रख दिया. जिसका माल, उसी के घर में. सोचा, जिसका होगा, एक दिन पूछेगा.”

सतरा वर्षं. अहो, मी निवृत्त होईपर्यंत ते पुस्तक माझ्या टेबलापासून चार पावलांवर होतं!

नव्या ग्रंथपाल रश्मी मॅडम, हुशार बाई, पण नियमाला पक्क्या. म्हणाल्या, बाहेरच्या व्यक्तीला पुस्तक उसवायचं तर अर्ज लागेल. बाहेरची व्यक्ती म्हणजे मी! पण नियम माझेच होते, बोलणार कोणाला? अर्जात ‘कारण’ असा रकाना होता. मी लिहिलं, ‘मेरी भूल’. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि सही केली.

इद्रीस मियाँना नातवाने रिक्षातून आणलं. त्यांनी ओलं फडकं मागच्या पुठ्ठ्यावर ठेवलं आणि आम्ही गप्पा मारत थांबलो. लेईच होती. अर्ध्या तासात अस्तर सुटलं. आत बटर पेपरची चपटी पुडी. तीत अर्ध्या बोटाच्या पट्ट्या, पानाच्या क्रमाने लावलेल्या. हात थरथरत होते म्हणून त्यांनी पुडी माझ्याकडे दिली. मी ते पान काढलं. तळाच्या त्या रिकाम्या रेघेला पट्टी लावली. पट्टीवर अक्षरं होती आणि वर रेघ नव्हती. दोन्ही जुळलं.

“क्या लिखा है?” इद्रीस मियाँनी विचारलं. मी हिंदीत सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली. “हाँ,” म्हणाले. “यह फेंकने वाली बात नहीं थी.”

संध्याकाळी रामघाटला गेले. बापूकाका गादीवर बसलेले, सुधा आत पोळ्या करत होती. मी जमिनीवर बसले आणि आधी कबुली दिली. मागे पुढे न बघता. मी कापायला लावलं, मला कळलं, तुम्ही विचारलंत, मी नाही म्हटलं.

त्यांचा चेहरा बदलत गेला. “सात वर्षं, वत्सला,” ते म्हणाले. “सात पितृपक्ष. मी त्यांचं नाव चोरासारखं घेतलं.” असा आवाज मी वर्गातही ऐकला नव्हता. मी रडत होते, पण त्यांनी रडू नको असं म्हटलं नाही. बरोबरच होतं ते.

मग म्हणाले, “वाच.”

मी वाचलं. “‘सभेपुढे प्रायश्चित्त केले. देहाने केले. मनाचे कोणी मागितले नाही. मागते तरी ते देणे माझे हाती नव्हते. पुस्तक बुडविणार नाही.’”

“पुन्हा.”

पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा ते माझ्याबरोबर म्हणत होते. मग त्यांनी मान वर केली आणि घाटापर्यंत जाईल अशा आवाजात हाक मारली, “विनायकशास्त्री!”

सुधा लाटणं घेऊन बाहेर आली. “कोण आलंय, बाबा?”

“पणजोबा आलेत,” बापूकाका म्हणाले. “पाट मांड.”

तिला वाटलं, वडिलांना भ्रम झाला. मी सगळं सांगितलं तेव्हा तीही आमच्याशेजारी बसली. पोळी तव्यावर जळाली, कोणी उठलं नाही.

निघताना मी पाया पडले. म्हटलं, “काका, मला प्रायश्चित्त सांगा.”

“देहाचं की मनाचं?” त्यांनी लगेच विचारलं. फटकळपणा गेला नव्हता. मग म्हणाले, “तू लोकांना समासात लिहू द्यायची नाहीस ना? जा, त्याच पानावर, त्याच समासात, काय केलंस ते लिही. पुढे कोणी ते पान उघडलं तर त्याला कळलं पाहिजे की रेघ रिकामी का राहिली.”

मी लायब्ररीत गेले. पट्ट्या रश्मी मॅडमनी एका लिफाफ्यात घालून पुस्तकाबरोबर ठेवल्या होत्या. मी पुस्तक मागून घेतलं, खिडकीपाशी बसले, ते पान काढलं. पेन्सिल घेतली, शाई नाही. शेवटी लायब्ररीवालीच मी. उरलेल्या बारीकशा जागेत आधी मोडीची रेघ ओढली. मग अक्षरं लटकवायला लागले, ‘येथील मजकूर मी कापविला’. एवढं सोपं गेलं. चूक होती, घाईत झाली होती, कोणाकडूनही होते. पुढचं अर्धं वाक्य मात्र हाताला येईना. पेन्सिल तशीच धरून बसले.

“मैम!” मागून रश्मी मॅडमचा आवाज आला. अख्खा वाचनकक्ष वळून बघायला लागला. “यह आप क्या कर रही हैं? बोर्ड नहीं पढ़ा?”

मी वर बघितलं. रंग उडाला होता, पण ‘सख़्त’ अजून वाचता येत होतं. आता उठायला उत्तम निमित्त होतं. पुस्तक मिटून माफी मागितली असती तर कोणाला काही कळलं नसतं.

“पढ़ा है, बेटा,” मी म्हटलं. “लिखवाया भी मैंने ही था. एक मिनट रुको.”

आणि सगळ्यांच्या देखत मी वाक्य पुरं केलं, ‘आणि विचारिले तेव्हा नाही म्हणाले’. खाली नाव घातलं.